अक्काला ‘थांब’ म्हणालो तो मी

दाजींचा फोन आला तेव्हा मी नुकताच दवाखान्यातून घरी येऊन अंघोळीला बसलो होतो. तीन दिवस अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात, वॉर्डाबाहेरच्या व्हरांड्यात काढले होते. दाजीच म्हणाले होते, "पाव्हणं, जावा, अंग धुऊन या. मी हाय हितं." बायकोनं न्हाणीच्या दारावर थाप मारून फोन आत दिला. मी ओल्या हातानं तो कानाला लावला. दाजी एवढंच म्हणाले, "कापडं घालून या." मी विचारलं, काय झालं? ते परत तेच म्हणाले, "कापडं घालून या, पाव्हणं..." माझी थोरली बहीण छबूअक्का गेली होती. तीन दिवसांपूर्वी सकाळी तुतीच्या रानात पाला कापताना ती कोसळली, मेंदूत रक्तस्राव झाला, आणि त्या तीन दिवसांत तिनं एकदाही डोळे उघडले नाहीत. मी मात्र तिच्या कॉटजवळ कितीदा तरी एक वाक्य मनात जुळवून गेलो होतो. अडीच वर्षं ते वाक्य माझ्याजवळ पडून होतं. ऐकणारं माणूस शुद्धीत नाही म्हटल्यावर बोलणं सोपं जायला हवं होतं. पण शेजारच्या कॉटवरच्या म्हातारीची सून तिथं बसलेली असायची, आणि मला त्या अनोळखी बाईची लाज वाटली.

आता पाच आठवडे झालेत. माणूस गेल्यावर लोक लिहितात तसं मलाही लिहिता येईल. अक्का कष्टाळू होती, मायाळू होती, हसरी होती, आणि यातला एकही शब्द खोटा नाही. पण एवढं लिहून मी सुटेन, वाचणारे हळहळतील, आणि तिच्यावर आलेला आळ तसाच गावात राहील. म्हणून आधी तिची गोष्ट सांगतो. ती सांगताना माझीही सांगावी लागेल.

आमच्या घरी मेंढरं होती. वडील पावसाळा सरला की कळप घेऊन बाहेर पडायचे आणि मृगाच्या तोंडावर परत यायचे. आई-बापाला अक्षर येत नव्हतं. अक्का माझ्याहून बारा वर्षांनी मोठी. चौथीनंतर तिची शाळा सुटली, कारण कोकरांमागं कुणीतरी लागायचं. मी घराण्यातला पहिला पदवीधर, एम.कॉम., आज एका ज्युनियर कॉलेजात वाणिज्य शिकवतो. हे सांगताना माझी मान अजूनही ताठ होते, खोटं कशाला बोलू. पण मी वाणिज्यला गेलो ते माझ्या डोक्यानं नाही. दहावीनंतर प्रवेशासाठी अक्का माझ्यासोबत अंबाजोगाईला आली होती. तेव्हा तिचं लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती. खिडकीत बसलेल्या क्लार्कनं विचारलं, कोणती शाखा? मी गप्प. अक्का पुढं झाली आणि म्हणाली, "साहेब, बाजारात दलालाला जे कळतंय अन् आमच्या बापाला जे कळत न्हाई, ते कोणत्या शाखेत शिकवतेत?" क्लार्क आधी हसला, मग जरा थांबला आणि म्हणाला, "कॉमर्स लिहा, बाई." तिनं मला कोपरानं ढोसलं, "लिव्ह." मेंढरांच्या बाजारात वडील दर वेळी फसायचे ते ती लहानपणापासून बघत आली होती. मला शिकवून तिला साहेब करायचं नव्हतं. आपल्या घरातलं एक माणूस बाजारात फसू नये, एवढंच तिला हवं होतं.

अक्काचं सासर मांजरसुंब्यापासून आत, डोंगराच्या कडेला. आठेक वर्षांपूर्वी त्या भागात रेशीम आलं आणि अक्कानं दाजींच्या मागं लागून रानात तुती लावली, शेड उभारलं. ज्यांनी हे काम पाहिलं नाही त्यांना थोडक्यात सांगतो. रेशमाच्या बारक्या अळ्या आणायच्या, त्यांना तुतीचा पाला घालायचा, महिनाभरात त्या बोटाएवढ्या होतात. मग त्या स्वतःभोवती धागा गुंडाळतात. तो कोष. कोष काढायचा आणि बाजारात न्यायचा. आत किडा जिवंत असतो. तो पतंग होऊन बाहेर पडायच्या आत माल विकला गेला पाहिजे, कारण बाहेर पडताना तो कोषाला भोक पाडतो, धागा तुटतो, आणि मग त्या कोषाला कुणी हात लावत नाही.

अक्काचं बघून गावातल्या आणखी चार बायकांनी तुती लावली. पाच जणींचा गट झाला, आणि पाचींचा माल विकायला बीडच्या कोषबाजारात जायची ती अक्काच. कुणी तिला नेमलं नव्हतं. पहिल्यांदा दाजींना ताप आला म्हणून ती पिकअपमध्ये बसून गेली, आणि भाव असा काही घेऊन आली की पुढच्या खेपेला बायकाच म्हणाल्या, तूच जा. मी काही वेळा तिच्याबरोबर गेलो होतो. ती क्रेटमधला कोष उचलायची, दोन बोटांत दाबायची, कानाशी धरून हलवायची, आणि आपल्या मालाला आज काय भाव लागेल ते बोली सुरू व्हायच्या आधीच मला हळूच सांगायची. दहा-पाच रुपये इकडंतिकडं. व्यापारी तिला मावशी म्हणायचे, ती त्यांना ‘चाबरे’ म्हणायची. माल विकला की गावातल्या बायकांना फोन लावायची आणि एकच शब्द बोलायची, "इकला." मग बाजारातल्या भजीवाल्याच्या कढईजवळच्या बाकड्यावर बसून भजी खायची. तिला तसं बसलेलं पाहिलं की वाटायचं, हिचं माहेर इथंच असावं. तिचा नियम एकच होता. कोष काढल्यापासून तिसऱ्या दिवशी माल बाजारात. भाव चढा असो की पडका असो. "आपला भाव आपण ठरवत न्हाई, पर आपला दिस आपण ठरवायचा," असं ती म्हणायची.

त्याच सुमारास मला शेअर बाजाराचा नाद लागला होता. मोबाईलवर एक वर्ग लावला होता, त्यात रोज तक्ते दाखवायचे. माझ्या तोंडात नवे शब्द आले होते. त्या वर्षी भाऊबीजेला अक्काकडं गेलो असताना एका सहकाऱ्याशी फोनवर बोलत होतो, आपण बँकांबद्दल बुलिश आहोत वगैरे. फोन ठेवल्यावर अक्कानं विचारलं, "काय हाय म्हणालास रे तू बापू? बुलिश?"

मी तिला वर्गात सांगतो तसं सांगितलं. भाव वाढणार असं ज्याला वाटतं तो बुलिश. बुल म्हणजे बैल. बैल कसा शिंगं खालून वर उचलतो, तसा बाजार वर जाणार असं मानणारा.

अक्का पोट धरून हसली. "कोणता बैल बघितलास रे तू? बैल मान खाली घालून वढतो. शिंगं उचलाय लागला की आपण त्याला इकाय काढतो."

दाजी पाटावरून म्हणाले, "ह्यांच्या कालेजात नुस्ती शिंगंच असतेत, बैल न्हाई."

मग हसणं थांबवून तिनं नीट विचारायला सुरुवात केली. मी विद्यार्थ्यांसमोर तेरा वर्षं उभा राहतोय, पण तेजीवर असले प्रश्न मला कुणी विचारले नाहीत. ती म्हणाली, "मंजी भाव वाढलाय ते न्हाई. वाढंल असं वाटतंय, ते." मी म्हणालो, बरोबर. "वाटतंय कोणाला? माल ज्याच्याजवळ हाय त्याला, का घेणाऱ्याला?" मी म्हणालो, दोघांनाही वाटू शकतं. ती जरा वेळ करंजी हातात धरून बसली. "मग बाजारातले ते मोठे व्यापारी असतेत ना, त्यांच्याकडं भट्ट्या हायेत. कोष घेतला की भट्टीत घालतेत, आतला किडा मारतेत, माल सहा महिने ठिवतेत. त्यांनी बुलिश व्हावं. त्यांचा कोष मेलेला असतोय, तो थांबतो. आपला जित्ता हाय." मी म्हणालो, वा अक्का, तू तर अर्थशास्त्रच मांडलंस. पण खरं सांगतो, तेव्हा ते माझ्या कानावरून गेलं. मला गंमत वाटली, बस. शहाणपण वाटलं नाही.

शब्द मात्र तिला फार आवडला. चुलीवर दूध वर यायला लागलं की म्हणायची, दूध बुलिश हाय, बघ जरा. आशाला, तिच्या मुलीला, गणिताच्या पेपराआधी विचारायची, बुलिश का न्हाई? गटातल्या बायका तिला बाजाराला निघताना चिडवायच्या, "काय अक्का, आज बुलिश का?" त्यावर तिचं ठरलेलं उत्तर असायचं, "म्या कशाला होऊ? माझा तिसरा दिस."

पुढचं लिहायला हात जड होतोय, पण लिहितो.

त्या भाऊबीजेनंतरचा मार्च संपत आला होता. पाचही जणींचे कोष एकाच वेळी निघाले होते, आणि माल अप्रतिम होता. कोषाचा भाव रोज वर जात होता. मी मोबाईलवर एका गटात रोजचे भाव बघायचो, तक्ता काढायचो. तक्ता सरळ वर जात होता. ज्या दिवशी कोष काढले त्या संध्याकाळी मी अक्काला फोन केला. म्हणालो, या वेळी घाई करू नको, बाजार बुलिश आहे, चार दिवस थांब.

ती म्हणाली, "कोषाला चार दिस नसतेत बापू."

मी म्हणालो, "असतात. मी पुस्तिकेत वाचलंय. पातळ पसरून सावलीत ठेव." पुस्तिकेत ते होतंही. पण ते थंड हवेतलं होतं, आणि आमच्याकडं मार्चअखेरीला पत्र्याखाली काय होतं ते मला, मेंढपाळाच्या पोटी जन्मलेल्याला, कळायला हवं होतं. तिनं दुसऱ्यांदा विचारलं, "नक्की सांगतो का?" मी हसून म्हणालो, "अक्का, मी एम.कॉम. कशासाठी केलंय?" ती म्हणाली, "बरं. तू म्हणतो तर थांबते." आणि तिनं चौघींना जाऊन सांगितलं, या वेळी थांबायचं. का थांबायचं ते तिनं त्यांना सांगितलं नाही. अक्का म्हणते म्हणून त्या थांबल्या.

चौथ्या दिवशी तिचा फोन आला. "बापू, कोष हलका लागतोय हाताला." त्या दिवशी मी खरं तर ऐकायला हवं होतं. पण भाव आणखी चढला होता. मी फोनमध्ये बघतच तिला म्हणालो, बघ, म्हटलं होतं ना. आणखी दोनच दिवस. ती म्हणाली, "माझा हात न्हाई सांगत." मी म्हणालो, "हाताचं राहू दे ग. बाजाराचं ऐक." हे माझे शब्द आहेत. ते मला विसरता आलेले नाहीत, आणि कुणी विसरायला मदत करू नये.

सहाव्या दिवशी सकाळी शेडमध्ये पतंग होते. मी दुपारी एसटीनं पोचलो तेव्हाही ते होतेच. पांढरे, जाडे, उडता न येणारे पतंग, पंख फडफडवत कोषांवर चालत होते, एकमेकांना चिकटून पडले होते. कोषाच्या टोकाला ओलसर तपकिरी भोक. सगळ्याच कोषांना नाही, पण इतक्यांना की कुठला चांगला आणि कुठला गेलेला ते निवडत बसण्यात अर्थ नव्हता. जे शाबूत दिसत होते तेही संध्याकाळपर्यंत फुटायचे होते. पाची घरांत तेच. आणि एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. त्या दिवशी कोषाचा भाव त्या हंगामातला सगळ्यात वरचा होता. माझा अंदाज चुकला नव्हता. तेजी खरी होती. फक्त ती आमची नव्हती, आणि हे अक्कानं मला भाऊबीजेला करंजी हातात धरून सांगितलेलं होतं.

शेडमध्ये चौघी जणी उभ्या होत्या. त्यांतली थोरली रुक्मिणबाई, अक्काच्या शेजारची, तिनं एक मूठभर कोष उचलून अक्काच्या पायांपाशी टाकले. "तूच म्हणायचीस ना, तिसरा दिस? मग कोणी सांगितलं थांबायला?"

मी दाराजवळ उभा होतो. कुणीतरी हातात चहाची बशी दिली होती. गावात मला सगळे सर म्हणतात. म्हातारी माणसंसुद्धा. अक्कानं माझ्याकडं बघितलं नाही. एकदाही नाही. ती खाली बघत म्हणाली, "मलाच वाटलं. माझंच डोकं फिरलं."

दाजी म्हणाले, "बाजारात बसून बसून हिला वाटाय लागलं, हीच व्यापारी." आणि मग ते बरंच काही बोलले. रुक्मिणबाईही बोलली. मी बशीतला चहा प्यालो. गार झाला होता तरी प्यालो, कारण तोंडात काहीतरी असलं की बोलावं लागत नाही.

संध्याकाळी अक्का मला फाट्यापर्यंत सोडायला आली. वाटेत मी म्हणालो, अक्का, मी परत जाऊन सांगतो. ती थांबली. इतक्या रागानं तिनं माझ्याकडं कधीच बघितलं नव्हतं. "गप बस. आशीच्या बापानं आशीला अकरावीला तुझ्याकडं धाडायचं कबूल केलंय, ते कशावर? मामा शिकला, मामाचं बरं झालं, यावर. मामाच्या शिक्षणानं पाच घरांचा माल घालवला असं त्याला कळलं, तर पोरगी चुलीपाशी बसल. कळतंय का तुला? म्या बाजाराला न्हाई गेले तर काय मरत न्हाई."

ती बाजाराला पुन्हा गेली नाही. त्या दिवसापासून माल न्यायचं दाजी आणि रुक्मिणबाईचा मुलगा यांनी घेतलं. अक्का पाला कापायची, अळ्यांना घालायची, कोष काढून क्रेट भरून द्यायची, आणि पिकअप निघून गेली की शेड झाडायला घ्यायची.

ती म्हणाली म्हणून मी गप्प बसलो, असं मी स्वतःला दोन वर्षं सांगत आलो. ते थोडंफार खरंही होतं. आशा माझ्याच घरी राहून अकरावी-बारावी झाली, चांगल्या गुणांनी झाली, नर्सिंगला लागली. तिचं वसतिगृह पक्कं झालं त्या दिवशी माझं कारण संपलं. आता सांगायला काहीच आड येत नव्हतं. तरी मी सांगितलं नाही. का, तर आता सांगितलं तर लोक म्हणतील इतके दिवस का गप्प होता? आणि दुसरं, जे जास्त खरं आहे, ते म्हणजे मला सर म्हणवून घ्यायची सवय झाली होती. अक्काच्या गावात गेलो की ओट्यावरची माणसं सरकून जागा करायची, पोरांना पुढच्या शिक्षणाचं विचारायला माझ्याकडं आणायची, आणि आतल्या खोलीतून अक्का भांडी वाजवत हे ऐकायची. त्या भांड्यांच्या आवाजात कधी राग नव्हता. तो असता तर बरं झालं असतं.

मागच्या हिवाळ्यात आमची शेवटची निवांत भेट झाली, मांजरसुंब्याच्या चौकात. ती एका लग्नाहून येत होती, मी बीडला निघालो होतो, दोघांच्याही गाड्यांना वेळ होता. धाब्यासमोर एक पिकअप उभी होती, मागं कोषाचे क्रेट. बोलता बोलता अक्का उठली, गाडीजवळ गेली, जाळीतून हात घालून एक कोष काढला, दाबला, कानाशी धरला. ड्रायव्हर चहाचा ग्लास घेऊन आला. अक्का त्याला म्हणाली, "बाबा, परवाच न्यायचा होता ह्यो. कोणाचा हाय माल?" तो हसला, "मावशे, तुमी काय व्यापारी हायेत का?" अक्कानं कोष परत जाळीत ठेवला. "न्हाई रे बाबा," ती म्हणाली. बाकड्यावर येऊन बसली आणि पदरानं बोटं पुसत मला सहज विचारलं, "आज काय हाय रे भाव?"

मी म्हणालो, "कुणास ठाऊक अक्का. मी आता बघत नाही."

मी रोज बघतो. त्या दिवशीही सकाळी बघितला होता. तिला तो हवा होता, फक्त आकडा, आणि मी तो दिला नाही, कारण आकडा दिला असता तर बोलणं त्या मार्चकडं गेलं असतं. तिला एवढं तर कळतच असणार. तिनं मान हलवली, माझ्या मुलाच्या खोकल्याचं विचारलं, कोरफडीचा रस द्यायला सांगितला, आणि तिची गाडी आली.

परवा मी अक्काच्या गावी गेलो. दाजी शेडमध्ये होते. अळ्या शेवटच्या अवस्थेत होत्या, त्या वेळी त्यांना दिवसातून तीनदा फांद्या घालाव्या लागतात, माणूस गेलं म्हणून ते थांबत नाही. मी दाराशी उभा राहून सगळं सांगितलं. फोन, चार दिवस, मग दोन दिवस, हाताचं राहू दे म्हणालो ते सुद्धा. दाजी एकेक फांदी रॅकवर आडवी ठेवत होते. ऐकताना त्यांचा हात थांबला नाही. संपल्यावर त्यांनी रिकामी टोपली खाली ठेवली.

"अडीच वर्सं मी तिला बोललो," ते म्हणाले. "जेवताना बोललो. चार पाव्हण्यांत बोललो. भाव पडला तरी बोललो, भाव वाढला तरी बोललो. ती कधी उलटून बोलली न्हाई. मला वाटायचं, चूक हाय म्हणून खाली बघती." मग त्यांनी टोपली पायानं भिंतीकडं सारली. "तू ती असताना सांगितलं असतं, तर म्या तिला परत गाडीत बसवलं असतं. आता ह्ये घिऊन म्या कुठं जाऊ?"

दाजींनी आयुष्यात पहिल्यांदा मला अरे-तुरे केलं. मला वाटलं होतं, सांगितल्यावर माझं ओझं उतरेल. ते उतरलं नाही, त्यातला अर्धा भाग मी एका बायको गेलेल्या माणसाच्या डोक्यावर ठेवला, एवढंच झालं. मी माफी मागायला लागलो तर त्यांनी हात वर केला. "माझ्याफुडं रडू नको. आशीला तूच सांग. अन् रुक्मिणवैनीला बी जाऊन सांग. म्या कोणाला सांगणार न्हाई."

रुक्मिणबाई ओट्यावर ज्वारी पाखडत होती. मी उभ्यानंच सांगितलं. ती ऐकत होती, सूप चालू होतं. सगळं सांगून झालं तेव्हा तिनं सूप मांडीवर घेतलं.

"तुमाला एक सांगू का सर," ती म्हणाली. "तिचा बाजार बंद झाला ना, त्याच्यानंतर दर खेपेला कोष काढले की तिसऱ्या दिशी सकाळी ती दारात यायची. आत न्हाई यायची. उंबऱ्याच्या भाईर उभी राहायची अन् म्हणायची, ‘आज तिसरा.’ बस. अन् म्होरच्या दाराला जायची. चारी दारं. आमी कोणी बोलत नव्हतो तिच्याशी. एकदा तर म्या म्हणले, आता कावून आलीस? तवा कुठं गेलता तुझा तिसरा?"

मी विचारलं, "मग काय म्हणाली?"

"काय न्हाई. म्होरच्या दाराला गेली." रुक्मिणबाईनं ज्वारीतला एक खडा वेचून अंगणात टाकला. "ती गेल्यावर पैली खेप आता झाली माझी. कोष काढले. तिसऱ्या दिशी सकाळपासून म्या दाराकडंच बघू लागले. पोरगा म्हणतोय, आई, काय बघतीस? मग उठले, अन् तिन्ही घरं हिंडून आले. उंबऱ्याच्या भाईर उभं राहून म्हणले, आज तिसरा. एकीनं बी विचारलं न्हाई की तू कावून आलीस. समद्यांनी माल काढला."

मी म्हणालो, "रुक्मिणबाई, चुकलं माझं."

"मला सांगून काय व्हतंय?" तिनं सूप उचललं. "आजून तीन दारं हायेत. ती जायची, तसं जावा."

मी गेलो. पहिलं दार उघडंच होतं. आत बाई भाकरी थापत होती, तिनं मला पाहिलं आणि पदर सावरत म्हणाली, "अहो या सर, भाईर का उभे? आत या, बसा." मी आत गेलो नाही.